मॅपनिहाय प्रेडिक्शन मार्केट : तिसऱ्या मॅपचा भाव नेमकं काय सांगतो?

इको_राउंड (धागाकर्ता)

ईस्पोर्ट्सचा सामना कोण जिंकणार यावर इथे धागे पडतच असतात. मला त्याच्या एक पायरी खालच्या गोष्टीवर बोलायचंय : सामन्यातल्या एकेका मॅपवर (म्हणजे एकेका नकाशावर खेळल्या जाणाऱ्या डावावर) चालणारी प्रेडिक्शन मार्केट्स.

ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. 'अ संघ पहिला मॅप जिंकेल' असं एक विधान असतं. ते खरं ठरलं तर एका शेअरमागे एक डॉलर मिळतो, खोटं ठरलं तर काहीच नाही. शेअर ६२ सेंटला मिळत असेल तर बाजार त्या घटनेची शक्यता साधारण ६२ टक्के धरतोय असं आपण म्हणतो. इथे बुकी भाव लावत नाही. घेणारे आणि विकणारे एकमेकांसमोर ऑर्डर लावतात, त्यातून भाव निघतो. पॉलिमार्केट आणि काल्शी ही यातली ठळक नावं. आधी यांच्याकडे चर्चा असायची ती निवडणुकांची, आता ईस्पोर्ट्सचे सामनेही असतात आणि त्यातल्या एकेका मॅपचेही.

मी पैसे लावत नाही. भाव बघतो, उतरवून ठेवतो आणि माझ्या अंदाजाशी ताडून पाहतो. बहुतेक वेळा काउंटर-स्ट्राइक २ या पाच विरुद्ध पाच नेमबाजीच्या खेळाचे बेस्ट ऑफ थ्री सामने, म्हणजे तीनपैकी दोन मॅप जिंकणारा विजयी.

आता प्रश्न. आकडे सोपे करून देतोय आणि संघांची नावं मुद्दाम टाळतोय, नाहीतर चर्चा फॅन लोकांच्या हाणामारीत जाईल. व्हिटो, म्हणजे मॅप वगळण्या-निवडण्याचा टप्पा, उरकलेला आहे. पहिला मॅप अ ने निवडलाय, दुसरा ब ने, तिसरा उरलेला म्हणजे डिसायडर. माझ्या हिशेबाने अ जिंकण्याची शक्यता पहिल्यावर ७० टक्के, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर ८०. बाजारात पहिल्या मॅपचा भाव ७०, दुसऱ्याचा ४०. इथपर्यंत आमचं जुळलं. तिसऱ्याचा भाव मात्र ६६! अख्ख्या सामन्याचा भाव अ च्या बाजूने ७१.

चौदा सेंटचा फरक आहे आणि तो कुणीच भरून काढत नाही. बाजाराला असं काय दिसतंय जे मला दिसत नाही? की तिथे माणसंच नाहीत?

ओव्हरटाइम

माणसंच नाहीत. मॅपच्या मार्केटमध्ये पैसा फार पातळ असतो. एकाच सामन्याचे पैसे विजेता, पहिला मॅप, दुसरा मॅप, तिसरा मॅप, एकूण राउंड असे विखुरतात. घेणारा ६३ म्हणतो, विकणारा ७० म्हणतो, मध्ये सात सेंटची दरी. तुम्ही स्क्रीनवर पाहिलेले ६६ म्हणजे शेवटचा सौदा असेल किंवा दोन टोकांचा मध्य. त्याला 'बाजाराचं मत' म्हणणं म्हणजे रिकाम्या सभागृहात ठराव एकमताने मंजूर झाला म्हणण्यासारखं आहे.

गणितवाला_गण्या

ओव्हरटाइम म्हणतात तसं होतं, पण या उदाहरणात ते कारण नाही. धागाकर्त्यांनी स्वतःच दिलेला ७१ चा आकडा बघा.

अ सामना कसकसा जिंकेल? पहिले दोन्ही जिंकून : ०.७ × ०.४ = ०.२८. पहिला जिंकून, दुसरा हरून, तिसरा जिंकून : ०.७ × ०.६ × ०.८ = ०.३३६. पहिला हरून, पुढचे दोन जिंकून : ०.३ × ०.४ × ०.८ = ०.०९६. बेरीज ०.७१२.

म्हणजे सामन्याचा भाव ७१ येण्यासाठी तिसऱ्या मॅपवर अ ला ८० टक्केच धरावे लागतात. तिथे ६६ घालून बघा, सामना ६३-६४ वर येतो. सामन्याच्या मार्केटमध्ये उलाढाल सगळ्यांत जास्त असते, त्यामुळे तो भाव जास्त भरवशाचा. बाजाराला तुमचे ८० मान्य आहेत, आणि तरीही तिसऱ्या मॅपचा भाव ६६ आहे.

उत्तर देण्याआधी एक सांगा : तिसरा मॅप खेळलाच गेला नाही तर शेअरचं काय होणार, असं नियमात लिहिलंय?

इको_राउंड

आत्ता उघडून वाचलं. 'हा मॅप खेळला गेला नाही तर निकाल ५०-५०.' म्हणजे दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास सेंट.

गणितवाला_गण्या

मग संपलं की.

तिसरा मॅप होण्याची शक्यता किती? पहिल्या दोघांत एकेक वाटला गेला पाहिजे : ०.७ × ०.६ + ०.३ × ०.४ = ०.५४. उरलेल्या ४६ टक्के वेळा सामना दोन मॅपमध्येच आटोपतो आणि शेअरला ५० सेंट मिळतात. म्हणून शेअरची वाजवी किंमत :

०.५४ × ८० + ०.४६ × ५० = ४३.२ + २३ = ६६.२ सेंट.

तुमचे ६६ आले. बाजार झोपलेला नाही. 'अ तिसरा मॅप जिंकेल' आणि 'तिसरा मॅप झाला तर अ जिंकेल' ही दोन वेगळी विधानं आहेत आणि तुम्ही पहिल्याचा भाव दुसऱ्याला लावत होतात.

बऱ्याच सट्टेबाजी साइटवर न खेळलेल्या मॅपची पैज रद्द करून पैसे परत देतात. तिथे याच सामन्यात तिसऱ्या मॅपचा भाव ८० च्या आसपास दिसायला हवा. एकच सामना, एकच मत, फक्त नियम वेगळा, आणि आकड्यात चौदाचा फरक. दोन ठिकाणचे भाव शेजारी ठेवून 'इथे स्वस्त, तिथे महाग' अशा पोस्टी फिरतात त्यांतल्या कित्येकांचं मूळ इतकंच असतं.

उलटा हिशेब करायचा असेल तर 'तीन मॅप होतील का' याचं वेगळं मार्केट असतं, त्याचा भाव घ्या. तो ५४ असेल तर ६६ मधून ४६ चा अर्धा म्हणजे २३ वजा करा, उरले ४३, त्याला ०.५४ ने भागा. ७९.६.

मृण्मयी_के

गण्याभौ, मस्त. यातली मला सगळ्यांत गमतीची वाटणारी गोष्ट राहिली : हा भाव तिसऱ्या मॅपबद्दल काहीही नवीन कळलं नसताना हलतो.

पहिला मॅप अ ने जिंकला असं धरू. आता तिसरा मॅप व्हायचा तर अ ने दुसरा हरायला हवा, त्याची शक्यता ६० टक्के. नवा भाव ०.६ × ८० + ०.४ × ५० = ६८. अ पहिला हरला, तर तिसरा मॅप होण्यासाठी त्याला दुसरा जिंकायला हवा, शक्यता ४० टक्के. नवा भाव ६२. बघणाऱ्याला वाटतं, 'अ पहिला हरला, लोकांचा विश्वास उडाला.' कुणाचाही कशावरचाही विश्वास उडालेला नाही. तिसरा मॅप होण्याची शक्यता कमी झाली आणि भाव पन्नासकडे सरकला, एवढंच.

लाइव्ह चर्चेत 'मोमेंटम' नावाचा जो पदार्थ लोक या आलेखांतून काढून दाखवतात त्यातला बराच हा असतो.

शेषनाग

सगळ्यांचे गुणाकार-भागाकार बरोबर. आता मूळ आकड्याकडे बघूया का?

डिसायडरवर ८० टक्के हे मला पटत नाही. व्हिटो कसा चालतो आठवा. सात मॅप. एका संघाचा एक बॅन (तो मॅप बाद), दुसऱ्याचा एक बॅन, मग एकेक निवड, मग पुन्हा एकेक बॅन, उरतो तो डिसायडर. म्हणजे ब कडे दोन बॅन होते आणि ज्या मॅपवर तो पाचातले चार सामने हरतो तो त्याने दोन्ही वेळा सोडून दिला? आणि त्याहून मोठं कोडं : अ ने स्वतःची निवड करताना ८० चा मॅप बाजूला ठेवून ७० चा घेतला? डिसायडर म्हणजे दोघांनाही नकोसा नसलेला आणि दोघांनाही हवासा नसलेला मॅप. तिथे सहसा ५० च्या आसपासचे आकडे येतात.

धागाकर्ते, हे ८० आले कुठून?

इको_राउंड

अ ने या मॅपवर अलीकडे खेळलेल्या दहांपैकी आठ जिंकलेत. दुसऱ्या संघाच्या ताकदीप्रमाणे थोडी काटछाट करून बघितली, फारसा फरक पडला नाही.

व्हिटोबद्दलचा मुद्दा मान्य, पण संघ नेहमी टक्केवारी बघून निवडत नाहीत. पुढच्या फेरीसाठी एखाद्या मॅपवरची नवी चाल झाकून ठेवायची असते. किंवा समोरच्याने कशाची तयारी केली असेल याचा अंदाज बांधून निवड होते.

शेषनाग

झाकून ठेवण्याचं कारण अधूनमधून खरं असतं, मान्य. पण 'दहांत आठ' हा काही आकडा नव्हे. नाणं दहा वेळा उडवलं तर आठ किंवा जास्त छापे येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून थोडी अधिक आहे, आणि इथे तर सात मॅप गुणिले कितीतरी संघ. कुणा ना कुणाच्या खात्यात असे आठ निघणारच. त्यात ते दहा मॅप कुणाविरुद्ध, त्यातला एखादा खेळाडू आता संघात आहे का, मधल्या अपडेटमध्ये मॅप बदलला का, हे सगळं वेगळंच.

साधा उपाय : दहा खऱ्या मॅपना दहा काल्पनिक मॅप जोडायचे, त्यातले पाच जिंकलेले पाच हरलेले. मग वीसांत तेरा. ६५ टक्के. दहाच काल्पनिक का, पाच का नाहीत, हा वाद घालता येईल, पण ८० पेक्षा ६५ सत्याच्या जवळ असेल असं मी छातीठोकपणे म्हणेन.

आता गण्याच्या सूत्रात घाला : ०.५४ × ६५ + २३ = ५८. म्हणजे धागाकर्त्यांना जो शेअर चौदा सेंटने स्वस्त वाटत होता तो गण्याच्या हिशेबाने वाजवी निघाला आणि माझ्या हिशेबाने आठ सेंटने महाग आहे.

गणितवाला_गण्या

@शेषनाग, मग तुम्हाला सामन्याचा भावही चुकीचा म्हणावा लागेल. ६५ घातले की सामना ६३ वर येतो, बाजार ७१ म्हणतोय. एवढ्या उलाढालीच्या मार्केटमध्ये आठ सेंटची चूक?

शेषनाग

होय, म्हणतोच. नावाजलेल्या संघाच्या सामन्याच्या भावात त्याच्या चाहत्यांचे पैसे मिसळलेले असतात. उलाढाल मोठी म्हणजे शहाणपण मोठं असं नाही.

दुसरी शक्यता अशी की सामन्याचा भाव बरोबर आहे आणि ७० किंवा ४० चुकलेत. तुमचं समीकरण एकच आहे आणि त्यात अनोळखी तीन. मॅपचे निकाल एकमेकांपासून स्वतंत्र असतात हेही तुम्ही गृहीतच धरलंय. ज्या दिवशी संघाचा हात चालत असतो त्या दिवशी तो दोन्ही मॅपवर चालतो. तसं असेल तर २-० आणि ०-२ दोन्हींची शक्यता वाढते आणि तिसरा मॅप ५४ टक्क्यांहून कमी वेळा होतो.

मृण्मयी_के

'हात चालतो तर दोन्हीकडे चालतो' याला एक सणसणीत उलट उदाहरण देते. २०२४ चा कोपनहेगन मेजर (मेजर म्हणजे या खेळाची सर्वांत मानाची स्पर्धा), काउंटर-स्ट्राइक २ चा पहिलाच मेजर, अंतिम सामना नावी विरुद्ध फेझ. नावीने एन्शंट हा मॅप १३-९ ने घेतला, मिराजवर २-१३ असा धुव्वा उडवून घेतला, आणि लगेच इन्फर्नो १३-३ ने जिंकून चषक उचलला. तेच दहा खेळाडू, तोच दिवस. दुसऱ्या मॅपनंतर ज्याने 'फेझचा हात चाललाय' म्हणून तिसऱ्याचे शेअर घेतले असतील त्याचं काय झालं असेल बघा.

एका सामन्यावरून सिद्ध काहीच होत नाही, माहीत आहे. पण दोन मॅपच्या निकालांत असलेलं नातं लोक समजतात त्यापेक्षा कमकुवत आहे असं माझं मत. २-१३ आणि १४-१६ हे दोन्ही पराभव पुढच्या मॅपसाठी जवळजवळ सारखेच धरावेत.

(उलट टोकाचं उदाहरण : २०२१ चा स्टॉकहोम मेजर. नावीने अख्ख्या स्पर्धेत एकही मॅप गमावला नाही. तेव्हा शेषनाग, तुमच्या बाजूनेही एक दिलं.)

वाचनमात्र

एक बाळबोध प्रश्न. पूर्वी काउंटर-स्ट्राइकमध्ये एक मॅप घ्यायला १६ राउंड जिंकावे लागायचे, आता १३. मॅप लहान झाला म्हणजे दुबळ्या संघाला संधी वाढली, म्हणून मॅपवरचे भाव आता ५० च्या जवळ असायला हवेत ना? सगळे समालोचक तेच सांगतात.

गणितवाला_गण्या

बाळबोध नाही, पण उत्तर निराशाजनक आहे : फार थोडा फरक पडतो.

समजा एक संघ प्रत्येक राउंड ५५ टक्के शक्यतेने जिंकतो. जुन्या ३० राउंडच्या पद्धतीत तो मॅप सुमारे ७१ टक्के वेळा जिंकेल. नव्या २४ राउंडमध्ये सुमारे ६९ टक्के. दोन सेंट. राउंडमधली आघाडी ५२ टक्केच असेल तर फरक एका सेंटवर येतो. आणि बेस्ट ऑफ थ्रीमध्ये प्रत्येक मॅपवर ६९ टक्के असणारा संघ सामना ७७ टक्के वेळा जिंकतो. राउंडला ५५, मॅपला ६९, सामन्याला ७७ अशी ही चढण आहे. प्रेडिक्शन मार्केटवाले मधल्या पायरीवर उभे असतात, जिथे खालचा गोंधळही पोचतो आणि वरची स्थिरता पूर्ण मिळत नाही.

ओव्हरटाइम

गण्याच्या गणितात राउंड सुटे धरलेत, खेळात ते सुटे नसतात. पिस्तूल राउंड (प्रत्येक अर्ध्याचा पहिला, नुसत्या पिस्तुलांवरचा राउंड) जिंकणारा पुढचा राउंडही बहुधा जिंकतो, कारण समोरच्याकडे बंदुका घ्यायला खेळातले पैसे नसतात. हरत राहिलात तर मिळणारा बोनस १४०० पासून पाचशेच्या टप्प्यांनी ३४०० पर्यंत चढतो, म्हणजे सावरायला वेळ लागतो. तीस राउंडमध्ये दोन पिस्तूल राउंड होते, चोवीसमध्येही दोनच. त्यांचं वजन वाढलं. तेव्हा फरक दोन सेंटपेक्षा जास्त असणार. किती, ते तुम्ही काढा.

बाकी हीच गोष्ट लाइव्ह भाव बघताना कामी येते. स्कोअर ६-४ दिसतो आणि बाजार पुढच्या संघाला महाग करतो. पण पुढे असलेल्या संघाचे शेवटच्या राउंडमध्ये पाचही खेळाडू बंदुकांसकट गेले असतील तर तो आकडा फसवा आहे. आणि अर्धा मॅप संपून स्कोअर ७-५ असेल तेव्हा पहिल्या अर्ध्यात कोण कुठल्या बाजूने (हल्ल्याच्या की बचावाच्या) खेळला हे धरलं नाही तर त्या ७-५ ला काही अर्थच नाही. न्यूकसारख्या, बचावाला सोप्या मॅपवर बचावाच्या बाजूने ७-५ म्हणजे खरं तर कमीच केलंत.

२०१८ चा बॉस्टन मेजर आठवा. अंतिम सामना, तिसरा मॅप इन्फर्नो, फेझ १५-११ ने पुढे. चार चॅम्पियनशिप पॉइंट हातात. क्लाउड नाइनने दोन ओव्हरटाइम खेळून तो २२-१९ असा जिंकला. १५-११ ला क्लाउड नाइनचा शेअर कुणी विकत बसला असेल तर कवडीमोल भावात विकला असेल, आणि तरीही त्या क्षणी तो भाव बरोबरच होता. 'निकाल उलटा लागला म्हणजे भाव चुकला' हे डोक्यातून काढा.

आडमुठा

हे सगळं वाचून एकच विचारतो. तुम्ही लोक सट्ट्याला गणिताचा अंगरखा घालताय. 'मार्केट' म्हटलं की पवित्र होतं का?

इको_राउंड

होत नाही. मी लावतही नाही. पण भाव सार्वजनिक आहेत आणि ते काय सांगतात हे समजून घेण्यात सट्टा कुठे आला?

आडमुठा

ठीक, मग जे कुणी बोलत नाही ते बोला. सामन्यापेक्षा मॅप हरणं सोपं असतं. संघाने पहिला मॅप ठरवून सोडला, पुढचे दोन जिंकले, सामना जिंकला, स्पर्धेत पुढे गेला. संशय कुणाला येणार? सामन्याच्या विजेत्यावर मार्केट असेल तर सामना विकण्याची किंमत खेळाडूला मोजावी लागते. मॅपवर मार्केट काढलंत की ती किंमत तुम्ही जवळजवळ शून्यावर आणली.

हे हवेतलं नाही. २०१३ मध्ये डोटा २ या दुसऱ्या खेळाच्या रॉक्स संघातल्या एका खेळाडूने स्वतःच्या संघाविरुद्ध १०० डॉलर लावले, भाव ३.२२, मिळाले ३२२. तेव्हापासून '३२२' ही त्या समाजात शिवी आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये काउंटर-स्ट्राइकचा आयबायपॉवर संघ नेटकोडगाइड्सविरुद्ध सीझन मॅपवर ४-१६ असा मुद्दाम हरला, पैजा लागल्या होत्या बंदुकांच्या स्किन्सवर (खेळातली, पैशांना विकली जाणारी सजावट). जानेवारी २०१५ मध्ये खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्हने त्या संघातल्या चार खेळाडूंवर बंदी घातली. जगातल्या चांगल्या संघांपैकी एक होता तो, कुणी भणंग नव्हते.

शेषनाग

आडमुठ्यांशी बऱ्याच दिवसांनी सहमत. त्यात भर : खेळाडूंनी काहीही वाईट केलं नाही तरी मॅपच्या मार्केटला धोका आहे, कारण संघाला तो मॅप जिंकायचाच असतो असं नाही. बाद फेरीत स्थान पक्कं झालेलं असताना उरलेल्या सामन्यात कुणी आपली ठेवणीतली चाल उघडी करत नाही. सराव सामन्यांत काय चाललंय, कुणाला ताप आहे, कुणाच्या जागी बदली खेळाडू बसणार, हे आतल्या पाच-दहा माणसांना आधी कळतं आणि व्हिटोत कुठला मॅप येणार हेही त्यांना ठाऊक असतं. पातळ मार्केटमध्ये अशा एका माणसाने ऑर्डर टाकली की भाव दहा सेंट हलतो.

म्हणूनच ओव्हरटाइमने सांगितलेली ती सात सेंटची दरी. भाव लावून बसणाऱ्याला भीती असते की समोर येणाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती दरी म्हणजे त्या भीतीची किंमत. मला ती वाजवी वाटते.

ओव्हरटाइम

हो, आणि लाइव्हमध्ये ती भीती दुप्पट. आपण जे प्रक्षेपण बघतो ते मागे चाललेलं असतं. अधिकृत डेटा फीड घेणाऱ्याला किंवा सभागृहात बसलेल्याला राउंडचा निकाल आपल्या आधी कळतो. तुमची ४५ ला लावलेली खरेदीची ऑर्डर पटकन भरली गेली की समजा, तिकडे राउंड गेलेला आहे. घरी स्ट्रीम बघत लाइव्ह ऑर्डर लावून ठेवणं म्हणजे उघड्या पत्त्यांनी खेळणं.

वाचनमात्र

निकाल ठरवतं कोण? बुकी असेल तर बुकी. इथे?

मृण्मयी_के

प्लॅटफॉर्मनुसार. काल्शी हे अमेरिकन नियामकाच्या देखरेखीखालचं एक्स्चेंज, निकाल तेच लावतं. पॉलिमार्केटवर बऱ्याच मार्केट्ससाठी यूएमए नावाची व्यवस्था वापरतात : कुणीतरी अनामत ठेवून 'निकाल हा' असा प्रस्ताव मांडतो, ठरावीक वेळ थांबतात, कुणी हरकत घेतली नाही तर तोच निकाल. हरकती वाढल्या तर यूएमएचं टोकन बाळगणारे मतदान करतात.

साध्या १३-९ ला यात काही अडत नाही. अडतं ते कडेच्या प्रसंगांत. सर्व्हर कोसळला आणि मॅप पुन्हा सुरू केला. एक संघ उशिरा आला म्हणून पहिला मॅप समोरच्याला बहाल केला : तो 'जिंकला' की 'खेळला गेला नाही'? काही स्पर्धांत वरच्या ब्रॅकेटमधून, म्हणजे बाद फेरीत एकही सामना न हरता, आलेल्या संघाला अंतिम सामन्यात १-० ची आयती आघाडी देतात. मग 'पहिला मॅप' म्हणजे कागदावरचा की प्रत्यक्ष खेळलेला? नियमावलीत याचं उत्तर एका वाक्यात असतं आणि ते वाक्य कुणी वाचत नाही. इथेच बघा, धागाकर्त्यांचं चौदा सेंटचं कोडं अशाच एका वाक्यात होतं.

कुंभकर्ण_गेमर

उशिरा आलो. तुम्ही सगळे काउंटर-स्ट्राइकवालेच दिसताय. डोटा आणि लीगमध्ये (लीग ऑफ लेजेंड्स) 'मॅप' हा शब्द नुसता चिकटवलेला आहे, नकाशा एकच असतो. तिथे 'दुसरा मॅप' म्हणजे दुसरा डाव. मॅपचा व्हिटो नाही, त्यामुळे सामन्याआधी पहिला आणि तिसरा डाव जिंकण्याच्या शक्यता जवळजवळ सारख्याच धरल्या जातात. खरी हालचाल ड्राफ्टच्या, म्हणजे खेळायची पात्रं निवडण्याच्या, वेळी.

पण लीगमध्ये २०२५ पासून फिअरलेस ड्राफ्ट आला. मालिकेत आधीच्या डावात वापरलेला चॅम्पियन (म्हणजे पात्र) पुढे कुणालाच घेता येत नाही. आता डाव एकमेकांपासून सुटे उरलेच नाहीत. पाचव्या डावापर्यंत दोन्ही संघांचे चाळीस चॅम्पियन संपलेले असतात. ज्याच्या खेळाडूंचा भात्यातला साठा मोठा, त्याची पाचव्या डावातली शक्यता पहिल्या डावापेक्षा वेगळी असणारच. गण्याचं सूत्र तिथे प्रत्येक डावाला वेगळा आकडा घालून चालवावं लागेल.

गणितवाला_गण्या

वेगळा आकडा घाला, सूत्र चालतं. अडचण अशी की तो आकडा शिकायला पाचवे डाव फार कमी होतात. शेषनागांचे काल्पनिक दहा डाव तिथे खऱ्या डावांना पार गिळून टाकतील.

वाचनमात्र

मग बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये पाचव्या डावाच्या शेअरला तोच ५०-५० चा नियम असेल तर भाव काय दिसेल?

गणितवाला_गण्या

बरोबरीचे संघ धरले तर पाचवा डाव होण्याची शक्यता १६ पैकी ६, म्हणजे ३७.५ टक्के. उरलेले ६२.५ टक्के वेळा शेअरचे ५० सेंट. पाचव्या डावात अ ८० टक्के वेळा जिंकतो असं मानलं तरी किंमत ६१ च्या आसपास येते. अगदी शंभर टक्के जिंकतो म्हटलं तरी ६९. मालिका सुरू होण्याआधी पाचव्या डावाचा शेअर ७५ ला कुणी घेताना दिसला तर नियमावली उघडा. तिथे ५०-५० ऐवजी पैसे परत करण्याचा नियम असेल. तो नसेल तर समोरच्याने ती उघडलेली नाही.

आडमुठा

किंवा समोरच्याला माहीत आहे की सामना पाच डाव चालणार आहे.